शूट संपलं, आता एडिट: विद्यार्थी फिल्मचा पहिला आठवडा

शूटचा शेवटचा दिवस आटोपतो. भाड्याने आणलेले लाइट परत जातात, सगळी टीम कुठेतरी अंडाभुर्जी खायला बसते, आणि घरी आल्यावर रात्री दोन वाजता कुणीतरी लॅपटॉप उघडून पहिला शॉट टाइमलाइनवर ओढतो. ही ओढ मला समजते. तीन दिवस उन्हात उभं राहून जे टिपलं, ते लगेच जुळवून बघावंसं वाटणारच. तरी माझं सांगणं आहे, त्या रात्री झोपा. आणि पुढचे पाच-सहा दिवस एकही कट मारायचा नाही, असं टीमसमोर ठरवून टाका.

त्या दिवसांत करायची कामं भरपूर आहेत. ती ज्या क्रमाने करावीत त्या क्रमाने सांगतो. सोयीसाठी एक फिल्म डोळ्यांपुढे ठेवू: १२ मिनिटांची, तीन दिवसांत शूट केलेली, एक मिररलेस कॅमेरा, काही शॉट फोनवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. त्यातला एक सीन असा: तालुक्याच्या एसटी स्टँडवर आई मुलाला डबा देते, मुलगा पुण्याच्या गाडीत बसतो, गाडी सुटते. एवढंच.

कार्ड रिकामं करा, पण पुसू नका

कार्डावरचं सगळं जसंच्या तसं कॉपी करायचं. आत शिरून फक्त व्हिडिओच्या फाइली उचलायच्या नाहीत, मुळापासूनचं अख्खं फोल्डर घ्यायचं. कॅमेरा त्या फोल्डरांमध्ये टाइमकोडची (प्रत्येक फ्रेमच्या वेळेच्या नंबराची), लांबीची, कधी रंगाची माहिती वेगळ्या छोट्या फाइलींत ठेवतो. काही कॅमेरे लांब टेक ४ जीबीच्या तुकड्यांत मोडतात, आणि ते तुकडे ओळीने जोडायला हीच माहिती लागते. आज निरुपयोगी वाटलेली फाइल महिन्याने हवी असते.

कॉपी झाली हे पट्टी शंभर टक्क्यांवर गेल्यावरून ठरवू नका. विंडोजवर टेराकॉपीसारखं साधन कॉपी केलेली प्रत मूळ फाइलीशी पडताळून दाखवतं. ते नसेल तर निदान दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. मग प्रत्येक कार्डावरची पहिली, मधली आणि शेवटची क्लिप नव्या डिस्कवरून चालवून बघा.

आता जागेचा हिशोब. ४के फुटेज १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने शूट केलं असेल तर मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी होतात. १२ मिनिटांच्या फिल्मसाठी तीन तास फुटेज म्हणजे १३५ जीबी. हे आकडे शूटच्या आधी काढले पाहिजेत, पण आधी काढले नसतील तर आज काढा. कारण अशा किमान दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर लागणार आहेत, आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. हा जुना नियम आहे आणि तो मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या सुरुवातीच्या एका फिल्मच्या आमच्याकडे "दोन प्रती" होत्या. दोन्ही एकाच हार्ड डिस्कच्या दोन पार्टिशनवर. डिस्क टेबलावरून फरशीवर पडली आणि दोन्ही प्रती एकदम गेल्या. दिवसभराचं शूट पुन्हा करावं लागलं, आणि ज्या आजोबांनी पहिल्या वेळी तो प्रसंग इतक्या सहजपणे केला होता, त्यांना तो पुन्हा तसा जमला नाही. डिस्क नवी घेता आली. तो टेक परत मिळाला नाही. म्हणून दुसरी प्रत पडताळून होईपर्यंत कार्डाला कुणी हात लावायचा नाही. कार्ड भाड्याचं असेल आणि दुकानदार घाई करत असेल तर एक दिवसाचं जादा भाडं द्या, पण ही पायरी चुकवू नका.

डिस्क मॅक आणि विंडोज दोन्हीकडे फिरणार असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असावी. एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. अर्थात फॉरमॅट करायचं ते डिस्क रिकामी असतानाच.

फोनवरचे शॉट केबलने घ्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेला शॉट दाबून बारीक झालेला असतो, आणि मोठ्या पडद्यावर ते लगेच कळतं.

फोल्डर आणि नावं

एक मुख्य फोल्डर, त्यात सात: फुटेज, ध्वनी, संगीत, ग्राफिक्स, प्रोजेक्ट, एक्सपोर्ट, कागदपत्रं. प्रत्येकाच्या आधी ०१, ०२ असे आकडे टाका, म्हणजे क्रम हलत नाही. फुटेजच्या आत दिवस, दिवसाच्या आत कॅमेरा आणि कार्ड. कागदपत्रांत पटकथेची शूट झालेली शेवटची प्रत, कंटिन्युइटी शीटचे (कुठल्या टेकमध्ये काय कसं होतं, त्या नोंदींचे) फोटो आणि साउंड रिपोर्ट, म्हणजे रेकॉर्डिस्टच्या नोंदी. कॅमेऱ्याने दिलेली मूळ फाइलनावं बदलू नका. सीन आणि टेकचे नंबर सॉफ्टवेअरच्या आत क्लिपला द्या.

फोल्डरची नावं रोमन लिपीत आणि मधे मोकळी जागा न सोडता ठेवा. मराठी नाव द्यायला मलाही आवडतं. पण प्रोजेक्ट एका मशीनवरून दुसऱ्यावर, तिथून साउंडवाल्याकडे जातो, आणि वाटेतलं एखादं जुनं सॉफ्टवेअर देवनागरी नावाशी अडतं. मराठी अक्षरं पडद्यावर यावीत, फाइलींच्या नावात नकोत.

पडद्यावरच्या मराठीचीही चाचणी आजच करा. फिल्मचं नाव आणि जोडाक्षरं असलेली एक ओळ सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून बघा. "स्पर्श", "दुसऱ्या", "कृष्णा" हे तीन शब्द पुरतात. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई भाषांच्या पर्यायावर न्या. फाँट युनिकोडच हवा. मुक्ता किंवा नोटो देवनागरी फुकट मिळतात. श्रेयनामावलीत कुणाच्या आडनावाचा रफार उडालेला दिसला की ते माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

फ्रेम रेट: हे चुकलं तर सगळं चुकलं

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर शूट केलं की ट्यूबलाइटखाली चित्र फडफडत नाही. तुमचा मुख्य कॅमेरा बहुधा २५ वर असेल. पण फोन कुणी हात लावल्याशिवाय ३० वरच असतो. आणि फोनची खरी अडचण वेगळी आहे. तो ठरावीक गतीने फ्रेम टिपत नाही. उजेड कमी-जास्त झाला, फोन तापला, की गती थोडी खालीवर होते. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. अशी क्लिप टाइमलाइनवर टाकली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि दोन मिनिटांनी सुटतात. मुलं मग तासन्‌तास आवाज पुढेमागे सरकवत बसतात.

उपाय सोपा आहे. फोनच्या क्लिपा आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या फुकट साधनांतून स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या आणि मगच प्रोजेक्टमध्ये आणा. मूळ फाइली ठेवा, बदललेल्या वेगळ्या फोल्डरात. ३० चं २५ करताना दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात, त्यामुळे पॅन (कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला शॉट) किंवा चालत्या गाडीचा शॉट अडखळत जातो. स्थिर शॉटमध्ये ते जाणवतही नाही. आपल्या फिल्ममध्ये फोनवर घेतलेला डब्याचा क्लोज-अप चालून जाईल, पण सुटणाऱ्या एसटीचा शॉट फोनवर घेतला असेल तर आजच तपासा.

प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं काम म्हणजे टाइमलाइनचा फ्रेम रेट २५ वर ठेवणं. फुटेज आत घेण्याच्या आधी. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज आत आलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट सहजासहजी बदलता येत नाही. प्रीमियरमध्ये बदलता येतो, पण सगळे कट थोडे थोडे सरकतात.

सॉफ्टवेअर, आणि अडकणारा लॅपटॉप

कुठलं सॉफ्टवेअर, यावर फार वेळ घालवू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रीमियर किंवा अॅव्हिड असेल तर ते वापरा. नसेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विद्यार्थी फिल्मला पुरून उरते. ३८४० बाय २१६० पर्यंत एक्सपोर्ट देते आणि वॉटरमार्क टाकत नाही. मात्र विंडोजवर फुकट आवृत्तीत काही १० बिट फाइली उघडत नाहीत, नुसता आवाज येतो. लिनक्सवर तर साध्या एच.२६४ फाइलीही नीट चालत नाहीत. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याची एक-एक क्लिप टाकून आधी चालवून बघा.

लॅपटॉप अडकत असेल तर दोष तुमच्या लॅपटॉपचा एकट्याचा नाही. कॅमेरे जागा वाचवण्यासाठी ज्या प्रकारे फाइल दाबतात, त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल लिहिलेले असतात. तुम्ही मधल्या फ्रेमवर थांबलात की मशीनला आधीचं पूर्ण चित्र शोधून तिथपर्यंतचा हिशोब पुन्हा करावा लागतो. एडिट म्हणजे सतत मधे थांबणं, मागे जाणं. म्हणून प्रॉक्सी करायच्या: त्याच क्लिपांच्या लहान, हलक्या प्रती. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये, निम्म्या आकारात. सॉफ्टवेअर त्या स्वतः बनवतं. रात्री लावून ठेवायचं, सकाळी तयार. एक्सपोर्ट करताना मूळ फुटेज वापरलं जातंय ना, एवढं मात्र शेवटी तपासायचं.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तुमचा प्रोजेक्ट त्या सात फोल्डरांत कुठेच नसतो. तो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, त्या मशीनच्या पोटात असतो. लॅब बदलली किंवा कुणी मशीन फॉरमॅट केलं तर फुटेज हातात आणि एडिट गायब, असं होतं. दर संध्याकाळी प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून त्याची डीआरपी फाइल ०५ नंबरच्या फोल्डरात टाका, नावात तारीख घाला आणि स्वतःलाच मेल करा. ती फाइल लहान असते. लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप हे दोन्ही पर्याय सेटिंगमध्ये चालू ठेवा. "फायनल" हा शब्द कुठल्याही फाइलीच्या नावात घालू नका. तारीख पुरेशी आहे.

सिंक: प, फ, ब, भ, म

सिंक म्हणजे चित्र आणि रेकॉर्डरवरचा आवाज जुळवणं. शॉटच्या सुरुवातीला फळी आपटून क्लॅप दिली असेल तर काम सोपं: फळी मिटलेली पहिली फ्रेम आणि आवाजाच्या आलेखावरचं टोक, दोन्ही एकावर एक. क्लॅप नसेल तर सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या कच्च्या आवाजाशी रेकॉर्डरचा आवाज जुळवून देतं. ते बहुतेक वेळा बरोबर असतं. पण "बहुतेक"वर थांबायचं नाही, प्रत्येक टेक डोळ्यांनी तपासायचा. कसा? ओठ मिटायला लावणारी अक्षरं शोधा. मराठीत प, फ, ब, भ, म. आपल्या सीनमध्ये आई म्हणते, "पोचलास की फोन कर." त्यातल्या "पो"ला ओठ मिटून उघडतात. तिथे एक-एक फ्रेम पुढे जात बघा. आवाज ओठ उघडण्याच्या आधी आला तर चूक लगेच खटकते, आणि कारण न कळताही प्रेक्षकाला तो माणूस खोटा वाटायला लागतो.

लांबच्या शॉटमध्ये एक खाच आहे आणि ती मी अनेक विद्यार्थी फिल्ममध्ये पाहिली आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २५ फ्रेमच्या हिशोबात एका फ्रेममध्ये सुमारे १४ मीटर. स्टँडच्या पलीकडून, समजा २८ मीटरवरून, वाइड शॉट घेतला असेल तर कॅमेऱ्याच्या माइकवर आईचा आवाज दोन फ्रेम उशिरा पोचलेला असतो. सॉफ्टवेअर त्या उशिरा आलेल्या आवाजाशी तुमच्या चांगल्या माइकचा आवाज जुळवतं, आणि सिंक दोन फ्रेमने मागे पडतं. अशा शॉटमध्ये आवाज हाताने दोन फ्रेम अलीकडे ओढा.

सिंक झाल्यावर कॅमेऱ्याचा कच्चा आवाज बंद करा, पण काढून टाकू नका. रेकॉर्डिस्टने प्रत्येक जागेचा अर्धा-एक मिनिट नुसता अँबियन्स, म्हणजे त्या जागेचा आसपासचा आवाज, घेतला असेल तर तो वेगळ्या बिनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या फोल्डरात), जागेच्या नावाने ठेवा. नसेल घेतला तर पुढच्या यादीत लिहून ठेवा, स्टँडवर जाऊन तो पुन्हा आणता येतो.

रशेस बघणं

रशेस म्हणजे शूट झालेलं सगळं कच्चं फुटेज. इथे थांबून सावकाश बोलावंसं वाटतं, कारण मुलं सर्वांत जास्त घाई इथेच करतात. थंबनेल बघतात, "ओके" लिहिलेला टेक उचलतात आणि पुढे जातात.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत, मुलं पूर्वी स्टीनबेक या एडिटिंगच्या टेबलावर फिल्म कापायची. ३५ मिलिमीटर फिल्मचा हजार फुटी रोल म्हणजे सुमारे ११ मिनिटं. त्यातला एखादा शॉट हवा असला की रोल तिथपर्यंत फिरवत न्यावा लागे, आणि वाटेतले बाकीचे सगळे शॉट पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जात. कापलेले तुकडे कापडाचं अस्तर लावलेल्या पेटीवर टांगून ठेवत. तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या "बिन"ला नाव तिथून मिळालं. त्या काळाची मला हळहळ वाटत नाही. पण त्या पद्धतीत फुटेज आपोआप पाठ व्हायचं. आज एका क्लिकवर शॉट मिळतो, म्हणून पाठ करण्याचं काम आपल्याला मुद्दाम करावं लागतं.

पहिल्यांदा बघताना माउसला हात लावायचा नाही. तीन तास फुटेज असेल तर तीन बैठका, प्रत्येक तासाभराची. शूटच्या क्रमाने, सगळे टेक, एनजी (नो गुड, म्हणजे फसलेले) टेकसुद्धा, न थांबवता. हातात वही आणि पेन. वहीत फोकस, लाइट, कंटिन्युइटी काही लिहायचं नाही. फक्त जिथे तुम्हाला काहीतरी झालं ते लिहायचं: हसू आलं, घशात आलं, कंटाळा आला, डोळे पडद्यावरून हलले नाहीत. टेकचा नंबर आणि दोन शब्द. प्रेक्षक तुमची फिल्म बहुधा एकदाच बघणार आहे. त्याच्या नजरेच्या सर्वांत जवळची नजर तुम्हाला या एकाच वेळी मिळते. दहाव्या वेळी तो विनोद तुम्हाला विनोद वाटणार नाही, तेव्हा वहीतला "हसलो" हा शब्दच तुमचा साक्षीदार असेल.

"अॅक्शन"च्या आधीचं आणि "कट"नंतरचं नीट बघा. आपल्या सीनच्या चौथ्या टेकमध्ये दिग्दर्शकाने "कट" म्हटल्यावरही आईच्या हातून डबा सुटलेला नाही. अभिनेत्री विसरली आहे की टेक संपला, तिचा अंगठा डब्याच्या कडीवर तसाच आहे. कंटिन्युइटी शीटवर हा टेक एनजी आहे, कारण मागून एक माणूस कॅमेऱ्याकडे बघत गेला. सीनचा जीव मात्र त्या दीड सेकंदात आहे, आणि "ओके" टेकांपुरतं बघणाऱ्याला तो कधीच सापडला नसता.

दुसऱ्यांदा बघताना तांत्रिक नोंदी करा. आता थांबवा, मागे जा, क्लिपला सीन, शॉट आणि टेकचे नंबर द्या, मार्कर टाका. रंग कमी ठेवा: हिरवा म्हणजे हवंच, पिवळा म्हणजे लागू शकेल, लाल म्हणजे अडचण. कुठल्या हातात डबा होता, पदर कुठल्या बाजूला होता, मागच्या गाडीवरची पाटी कुठल्या गावाची होती, हे लिहा. कंटिन्युइटी शीट शूटवर कुणी भरलीच नसेल तर ती आता भरली जाईल, आणि त्यात दोन दिवस गेले तरी ते सत्कारणी लागतात.

तिसऱ्यांदा दिग्दर्शकासोबत. एडिटरने पहिलं बघणं एकट्याने करावं, असं माझं ठाम मत आहे. दिग्दर्शक शेजारी बसला की तो सांगतो, "हा शॉट घ्यायला चार तास लागले." ते चार तास शॉटमध्ये दिसत नाहीत, पण एकदा ऐकल्यावर तुम्हाला दिसायला लागतात. विद्यार्थी फिल्ममध्ये दिग्दर्शक आणि एडिटर पुष्कळदा एकच असतो. तसं असेल तर शूट आणि रशेस यांच्या मधे चार-पाच दिवस जाऊ द्या, आणि पहिल्या बैठकीला शूटवर नसलेला एक मित्र शेजारी बसवा. त्याला काही विचारू नका. तो कधी चुळबुळतो तेवढं वहीत लिहा.

असेंब्ली

आता टाइमलाइन. प्रत्येक सीनचं एक कार्ड करा, जाड कागदाचं, आणि पटकथेच्या क्रमाने भिंतीवर लावा. कार्डावर सीनचं नाव आणि एकच वाक्य: या सीनआधी आणि नंतर काय बदललं. आपल्या कार्डावर असेल, "आईला कळतं की तो आता परत राहायला येणार नाही." हे वाक्य जमत नसेल तर कट करताना तो सीन त्रास देणार, हे आत्ताच कळलं.

मग पटकथेच्या क्रमाने सगळे सीन ओळीने लावायचे. हीच असेंब्ली. प्रत्येक सीनची वेगळी टाइमलाइन, आणि शेवटी त्या जोडून एक मोठी. टेक लांबच ठेवायचे, संवाद पूर्ण, येणं-जाणं पूर्ण. बारीक कापणं, रंग, टायटल, इफेक्ट यांतलं काही नाही. १२ मिनिटांच्या फिल्मची असेंब्ली १८-२० मिनिटांची होते आणि ती बघवत नाही. दरवेळी असंच होतं. "एक पान म्हणजे एक मिनिट" हा हिशोब ठरावीक मांडणीत टाइप केलेल्या पटकथेचा आहे. वहीत लिहिलेल्या आपल्या मराठी पटकथेला तो लागू होईलच असं नाही. त्यामुळे लांबी बघून घाबरू नका.

सीन लावताना एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. नवा एडिटर जो बोलतो त्याच्यावर कट करतो: आई बोलली, आई, मुलगा बोलला, मुलगा. टेबलटेनिसची मॅच बघावी तसं मग ते दिसतं. "पोचलास की फोन कर" हे वाक्य कुणाच्या चेहऱ्यावर ऐकायचं? मी ते मुलाच्या चेहऱ्यावर ऐकेन. तो हो म्हणतोय आणि त्याची नजर खिडकीजवळची जागा मिळते का हे शोधतेय. आईचं वाक्य त्याच्या कानावरून जातंय, हे तेव्हा दिसतं. मग आईवर यायचं, ती काहीच बोलत नसताना.

आवाजाचा कट आणि चित्राचा कट एकाच फ्रेमवर असलाच पाहिजे असंही नाही. आई डबा धरून उभी आहे, आणि तिच्याच चेहऱ्यावर कंडक्टरची डबल बेल ऐकू येते. गाडी अजून दिसलेली नाही. एसटीने एकदाही प्रवास केलेल्या माणसाला त्या दोन ठोक्यांचा अर्थ माहीत असतो. त्यानंतर गाडी हलताना दाखवली तरी चालते, नाही दाखवली तरी चालते. फोनवरचा तो अडखळता शॉट आठवतो? कदाचित तो लागणारही नाही.

संगीत या टप्प्यावर टाकू नका. आवडतं गाणं सीनखाली टाकलं की प्रत्येक कट बरोबर वाटायला लागतो, कारण काम गाणं करत असतं. शिवाय ते गाणं तुम्हाला वापरता येणार नाहीये. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गाण्याचे शब्द, त्याची चाल आणि त्याचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. "दहा सेकंदांपर्यंत चालतं" असा नियम त्या कायद्यात कुठेही नाही. वर्गातला पेटी किंवा गिटार वाजवणारा मित्र गाठा, आणि तोही रफ कटनंतर, म्हणजे फिल्म एकदा ढोबळ कापून झाल्यावर.

पहिलं दाखवणं आणि पॅचवर्कची यादी

असेंब्ली पूर्ण झाली की ती एकदा न थांबवता, लॅपटॉपपेक्षा मोठ्या पडद्यावर बघा. कॉलेजचा प्रोजेक्टर चालेल, घरचा टीव्हीही चालेल. सोबत दिग्दर्शक, रेकॉर्डिस्ट, कॅमेरामन. आधी काही समजावून सांगायचं नाही, मधे कुणी बोलायचं नाही. संपल्यावर प्रत्येकाला एकच विचारा: कुठे काही कळलं नाही? "कशी वाटली" हे विचारू नका. या टप्प्यावर त्या उत्तराचा उपयोग नाही.

या बैठकीतून हातात एक कागद आला पाहिजे, आणि तो म्हणजे जे शूट झालंच नाही त्याची यादी. स्टँडचा अँबियन्स. डब्याच्या कडीचा जवळून शॉट, कारण चौथ्या टेकमधल्या त्या माणसाला झाकायला काहीतरी लागेल. गाडी गेल्यावरचा रिकामा फलाट. पॅचवर्कचं शूट पहिल्या आठवड्यात ठरलं तर अर्ध्या दिवसात, दोन माणसांत होतं. दोन महिन्यांनी ठरलं तर आईची साडी परत गेलेली असते, स्टँडला नवा रंग लागलेला असतो, आणि पावसाळा सुरू झाला असेल तर उन्हाचा शॉट जुळतच नाही.

यादी पूर्ण लिहून व्हायच्या आधीच एक फोन करा, मुलाचं काम केलेल्या पोराला. त्याला सांगा, अजून दहा दिवस केस कापू नको.